शांघायचा डोहाळा

पाळधी मागे पडलं तेव्हा हर्षालीच्या मांडीवर केळीचे वेफर्स, गोडशेव, गूळ-चिंच आणि अर्धी चाखलेली कैरी एवढा ऐवज गोळा झाला होता. तरी शेजारी बसलेल्या सासूबाईंनी, कोकिळाबाईंनी, पुन्हा विचारलंच, "पोरी, आता काय खावंसं वाटते?"

"काही नाही हो आई. पोट भरलंय."

"पोट भरते. डोहाळा नाही भरत."

हर्षालीला सातवा लागला होता. ओटीभरण आणि डोहाळेजेवण तिच्या माहेरी, धुळ्याला देवपुरात ठरलं होतं. बायका दुपारी जमणार होत्या. जळगावहून सुनेला न्यायचं काम सासऱ्यांकडे, म्हणजे झुलालआबांकडे आलं होतं, आणि आबा गाडी अशी चालवत होते की शेजारून ट्रॅक्टर पुढे जात होते. त्यात दर गावाला 'काही हवंय का' म्हणून थांबा.

हसायचं कारण नाही. आबांचं दुखणं जुनं होतं. बाईचा डोहाळा पुरवला नाही तर बाळाचा कान फुटतो, हे आपल्याकडे कोण नाकारतो? ललित, म्हणजे हर्षालीचा नवरा, पोटात होता तेव्हा कोकिळाबाईंनी बऱ्हाणपूरची मावा जिलेबी मागितली होती. आबा तेव्हा वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसं भरायचे. ड्युटी सुटल्यावर घरीही न जाता त्यांनी भुसावळहून गाडी पकडली, बऱ्हाणपूर गाठलं आणि डबाभर जिलेबी आणली. कोकिळाबाईंनी डब्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. जिलेबी शेजाऱ्यांनी खाल्ली. पुढे ललितचा उजवा कान पाचवीपर्यंत वाहिला. कानात कापूस घालताना कोकिळाबाई दर वेळी नवऱ्याकडे एक नजर टाकायच्या.

"आणली होती ना मी जिलेबी!" आबा कळवळून म्हणायचे.

"आणली होती. डोहाळा नाही पुरवला," असं उत्तर यायचं. त्याचा अर्थ आबांना आजतागायत लागला नव्हता. निदान नातवाच्या कानावरून तरी बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

एरंडोल दिसायला लागलं तशी हर्षाली एकदम म्हणाली, "आई, एक खावंसं वाटतंय. सूपवाले डम्पलिंग."

आबांनी करकचून ब्रेक मारला. मागच्या टेम्पोवाल्याने त्यांचा उद्धार केला.

"काय असतं ते?" आबांनी मान वळवून विचारलं.

ललित शांघायला एका मशीन कंपनीत होता. हर्षाली तिथे दोन वर्षं राहून बाळंतपणासाठी परतली होती. तिने समजावलं, "मैद्याची छोटी पोटली असते. आत खिमा आणि गरम सूप. बाहेरून कोरडी, वाफवलेली. पण आबा, आपल्या खानदेशात नाही मिळायचं ते. राहू द्या. आता कुठे न थांबता सरळ धुळ्यालाच जाऊ."

"नाही कसं मिळत?" आबांच्या अंगात आलं. "उभी नोकरी मी काडतुसं भरली. पोटलीत सूप भरायला काय लागतं?"

एरंडोलला चायनीजची एक गाडी सापडली. गाडीवर ड्रॅगन काढला होता, तो पालीसारखा दिसत होता. मालकाने सगळं ऐकून घेतलं आणि मंचाव सूपमध्ये चार मोमो सोडून वाटी पुढे केली. "घ्या. सूपही आहे, मोमोही आहे."

"सूप बाहेर नको. आत हवंय," आबा म्हणाले.

"मग मेडिकलमधून इंजेक्शनची सुई आणा. भरून देतो."

"मेल्या, पोटुशीले सुई टोचलेलं खाऊ घालतू?" कोकिळाबाई कडाडल्या, आणि मालक ड्रॅगनच्या मागे गेला.

तेवढ्यात व्याह्यांचा, रतिलालनानांचा फोन आला. "आबा, कुठपर्यंत आलात? बायका जमायला लागल्या."

"हे काय, मुकटीत आहोत! पोचलोच!" एरंडोलच्या चौकात उभे राहून आबांनी ठणकावून सांगितलं. मुकटीच्या आधी अख्खा पारोळा तालुका यायचा होता.

पारोळ्याला हायवेच्या कडेला भटूचं चायनीज होतं. बाजूला अय्युबभाईंचं टायरचं दुकान, मागे त्यांचं घर. आबांनी 'डोहाळा' हा शब्द उच्चारला मात्र, भटूने कढईखालचा गॅस बंद केला. त्यात कोणाचा तरी फ्राइड राइस अर्धा झाला होता.

"पोटुशी बाईले 'नही' कसं म्हनानं, आबा? पाप लागी ना!" भटू म्हणाला. "आते बठ्ठा धंदा बंद. पन सूप आत जास कसं?"

राइसवाला गिऱ्हाईकसुद्धा चिडला नाही. तोही प्लेट ठेवून विचार करायला लागला.

हर्षाली घाईने म्हणाली, "ते फार किचकट असतं हो दादा. हाडं शिजवून सूप काढतात, थंड करून जेलीसारखं जमवतात. ती जेली खिम्यात मिसळायची, वाफेवर ती वितळते. जमायलाच रात्र जाते. नाही व्हायचं. चला आबा, निघू या."

"जेली?" टायर बाजूला टाकून अय्युबभाई उठले. "अरे, वो तो हमारे फ्रिज में रक्खी है! शहनाज! कल का पाया ला!"

आदल्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे होते. बकऱ्याचा पाया उरला होता. शहनाजभाभींनी पातेलं आणलं आणि सगळ्यांसमोर उलटं धरलं. आतला रस्सा पडला नाही, नुसता थरथरला. टाळ्या पडल्या. हर्षालीचा चेहरा पडला, पण तिकडे बघायला सवड कोणाला होती?

अय्युबभाईंच्या अंगणात कारखानाच सुरू झाला. अय्युबभाई खिमा घेऊन आले, भाभींनी मैदा तिंबला, भटूने मोमोचं भांडं चढवलं. पहिली खेप आतल्या आत फुटली आणि सगळं सूप खालच्या पाण्यात गेलं. तेव्हा कोकिळाबाईंनी पदर खोचला.

"सरका. पोटल्यांची तोंडं बांधण्यात तुमच्या दम नाही. सून माहेरी चालली, तिले मुरड घातलेलंच खायले द्या लागते, म्हणजे परत येते." आणि करंज्यांना घालतात तशी बारीक, घट्ट मुरड त्यांनी एकेका पोटलीला घातली. भाभी बघत राहिल्या. "आपा, ये तो मशीन से भी अच्छा है!"

दुसरी खेप अखंड उतरली. "माल बाहेर जाण्याआधी तपासणी व्हायला हवी," असं म्हणून आबांनी एक पोटली उचलली आणि दाढेखाली धरली. ती उडालीच. सुपाची चिळकांडी सुटली ती थेट कोकिळाबाईंच्या नव्या पैठणीवर, मोराच्या मधोमध.

"जळो तुमची तपासणी! काडतूस होतं का ते?"

"अहो आबा, असं नाही," हर्षालीला हसू आवरेना. "चमच्यात घ्यायचं, जरासं चावून भोक पाडायचं, आधी सूप ओढायचं."

"मग खाऊन दाखव!"

आता सुटका नव्हती. भटू, अय्युबभाई, भाभी, राइसवाला गिऱ्हाईक आणि टायर बदलायला आलेले दोन ट्रकड्रायव्हर तिच्याभोवती उभे होते. हर्षालीने डोळे घट्ट मिटले. लोकांना वाटलं, देवाचं नाव घेतेय. तिने सूप ओढलं, आणि डोळे उघडले. आलं, लसूण, मिरे आणि पायाचा तो दाट रस्सा. तिने उरलेली पोटली तोंडात टाकली. मग दुसरी. मग तिसरी. मग न विचारता आणखी पाच.

"कसं शे, ताई?" भटूने श्वास रोखून विचारलं.

"दादा, शांघायला असं नाही मिळत!"

भटूने गमछ्याने डोळे पुसले. झुलालआबांना तर आभाळ ठेंगणं झालं. सुटलो बुवा एकदाचे, आता नातवाचा कान ठणठणीत! त्यांनी अय्युबभाईंना मिठी मारली आणि शर्टावर ग्रीस घेऊन गाडीत बसले.

पण देवपुरातल्या बायकांनाही चाखवायचे होते, आणि डम्पलिंग गरमच खायचे असतात. म्हणून भटूने भांडं, गॅस आणि उरलेला माल मालवाहू रिक्षात चढवला, अय्युबभाई आणि भाभी त्यात बसले, आणि पांझरा ओलांडून देवपुरात वरात शिरली ती अशी: पुढे आबांची गाडी, मागे 'भटू चायनीज'चा फलक लावलेली वाफाळती रिक्षा. ओटीला आलेल्या बायका खणनारळ सोडून गॅलरीत धावल्या.

दारात रत्नाताई, हर्षालीच्या आई, भाकरतुकडा घेऊन ताटकळल्या होत्या. त्यांनी तो ओवाळून टाकेपर्यंतही आबांना धीर धरवला नाही. उंबऱ्यावरच सगळी कथा झाली. एरंडोलची सुई, पारोळ्याचा पाया, सगळं. शेवटी छाती काढून म्हणाले, "विहीणबाई, शांघायचा डोहाळा आम्ही पारोळ्यात पुरवला!"

रत्नाताई गोंधळल्या. "पण हर्षू, तूच ना फोनवर सांगायचीस, त्या सूपवाल्या डम्पलिंगचा वास आला तरी मळमळतं?"

हर्षाली लाल झाली.

"आबा, रागावू नका. दर गावाला थांबत होतो. मला फक्त लवकर मम्मीकडे पोचायचं होतं. म्हटलं, इकडे मिळणारच नाही असं काहीतरी मागावं, म्हणजे गाडी कुठे थांबायची नाही." मग घाईने म्हणाली, "पण ते आवडले हो खरंच! आठ खाल्ले!"

आबा मटकन पायरीवर बसले. म्हणजे पुरवला तो डोहाळा नव्हताच? कान पुन्हा धोक्यात?

आणि कोकिळाबाई हसायला लागल्या. मोरावरचा डाग हलेपर्यंत हसल्या. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात.

"अवं माय! माझंबी तेच होतं व!"

"काय तेच होतं?" आबांनी विचारलं.

"सासूबाई सातव्याच्या आत माहेरी धाडत नव्हत्या. आन् बऱ्हाणपूरची गाडी माझ्या रावेरवरून जाते. मी म्हटलं, जिलेबी खायले चला म्हणावं, येताना मायकडे उतरू. पिशवी भरून बसली होती मी, तिच्यासाठी शेवया घेऊन. तुमी फॅक्टरीतूनच परस्पर गेले. माझ्या माहेरावरून गेले, माहेरावरून आले, आन् डबा हातात दिला!"

हर्षालीने सासूच्या गळ्यात हात टाकले. ओटी भरली गेली, डम्पलिंगांवर बायकांनी अशी झोड उठवली की मांडे बाजूला राहिले, भटूला देवपुरातल्या तीन बारशांच्या ऑर्डरी मिळाल्या, तरी आबा पायरीवरून उठले नाहीत.

संध्याकाळी दोघंच परत निघाली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आबा कुठे थांबले नाहीत. जळगावात घराचं वळण आलं आणि गाडी सरळ निघून गेली.

"अवं, घर मागं राह्यलं!"

"राहू दे."

"चालले कुठं तुमी?"

"रावेरला."

कोकिळाबाई गडबडल्या. "आता? आन् ही साडी पाहा, सगळा पाया सांडलेला! भाऊ काय म्हणेल?"

"म्हणेल काय? डोहाळा पुरवायला आणलंय म्हणून सांगू."

"या वयात? लाज वाटू द्या काही!" असं म्हणत त्यांनी आरसा आपल्याकडे वळवून केस सारखे केले. भुसावळ गेलं, सावदा गेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागल्या. कोकिळाबाई खिडकीबाहेर बघत गाणं गुणगुणायला लागल्या, तसे आबा हळूच म्हणाले, "सकाळी वाटल्यास पुढे बऱ्हाणपूरलाही जाऊ. गरम मावा जिलेबी खाऊ."

"तुमी खा," कोकिळाबाई म्हणाल्या. "मले नाही आवडत ती."