ऑलिव्हची तहान

लिफ्टमधून खाली येईपर्यंत सूर्यकांतांनी ते वाक्य अकरा वेळा मनातल्या मनात घोकलं. 'जोसेफ, झाड तहानलेलं नाही, ते बुडतंय.' हिंदीतून कसं म्हणायचं तेही ठरलं होतं. लिफ्टचं दार उघडलं. समोर बिल्डिंगचा मॅनेजर जोसेफच उभा होता. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात तांब्या सावरत सूर्यकांत म्हणाले, "गुड मॉर्निंग."

"मॉर्निंग अंकलजी! देखा ना? पेड पूरा पीला हो गया. मैंने पानी डबल कर दिया. अब तीन टाइम."

सूर्यकांतांनी मान डोलावली. मान डोलावून झाल्यावर त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

शारजातल्या त्या सात मजली इमारतीच्या दारात सिमेंटच्या भल्यामोठ्या कुंडीत एक ऑलिव्हचं झाड होतं. बुंधा पिळलेल्या धोतरासारखा, पानं एका बाजूने हिरवी, दुसऱ्या बाजूने चांदीसारखी. सूर्यकांत मुलाकडे राहायला आले त्याला दोन वर्षं झाली होती. मुलगा श्रीनाथ दुबईच्या ट्रॅफिकमध्ये, सून अपूर्वा ऑफिसच्या कॉलवर, नात ओवी शाळेत. दिवसाकाठी निवांत भेटणारं असं हे एकच झाड होतं. त्याला उत्तराची घाई नव्हती, आणि सूर्यकांतांना बोलण्याची.

आता त्या झाडाची पानं गळत होती. सूर्यकांतांनी कुंडीत बोट खुपसून पाहिलं. चिखल. बोटाला कुजलेल्या पालेभाजीचा वास आला. मूळकूज! चौतीस वर्षं त्यांनी कृषी महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळलं होतं. फळझाडांच्या रोगांवरची यच्चयावत पुस्तकं वाचली होती. अडचण एवढीच, की उभ्या आयुष्यात त्यांनी साधी मिरचीही लावली नव्हती. पुस्तकातलं खरं असेलच कशावरून? आणि असलं तरी ते आपल्याला नीट समजलंय कशावरून?

सोमवारी लिफ्टमध्ये नोटीस लागली. अपूर्वाने ती जेवताना वाचून दाखवली. "ट्री इज डेड. महिनाअखेर काढणार आणि तिथे प्लास्टिकचा खजूर लावणार. लाइटवाला."

"डेड?" सूर्यकांतांच्या हातातला घास तसाच राहिला. "अगं, त्याला पाणी पाजून मारतोय तो!"

"बाबा, प्लीज. पुढच्या महिन्यात फ्लॅटचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचंय. जोसेफशी पंगा नको."

"बट दॅट्स मर्डर, मम्मा," ओवी म्हणाली.

हा शब्द सूर्यकांतांना रात्रभर पुरला. सकाळी त्यांनी आयुष्यातलं पहिलं बंड केलं. कुंडीमागे ठिबकच्या नळीला एक छोटी चावी होती, ती इकडेतिकडे पाहून बंद केली. दुपारी जोसेफने सवयीने उघडली. संध्याकाळी सूर्यकांतांनी बंद केली. तीन दिवस हा खेळ चालला. चौथ्या दिवशी सूर्यकांतांनी चावीचा दांडाच उपटून खिशात घातला आणि वर जाऊन दार लावून पंख्याखाली बसले.

पण आठवडा झाला तरी माती ओलीच. ठिबक बंद, पाऊस नाही, मग पाणी येतं कुठून? सूर्यकांतांनी नातूरच्या, म्हणजे इथल्या वॉचमनच्या, खोलीतली प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली, झाडाशेजारी मांडली आणि तोंडासमोर पुस्तक धरून पहाऱ्याला बसले.

पहिल्याच सकाळी तळमजल्यावरच्या हव्वाबी पातेलं घेऊन आल्या आणि भसकन पाणी ओतलं.

"अहो, हे काय?"

"तांदळाचं धुवण, भाऊ. ताकद येते झाडाला. आमच्या खेडला केळीला घालतो आम्ही."

"ही केळ नाही हो. ह्या झाडाच्या मुळांना कोरडं लागतं."

"वाळवंटात कोणाला कोरडं लागतं का?" हव्वाबी हसल्या. "पाणी गटारात ओतू म्हणता? गुनाह लागेल मला!"

दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या कुंदाताई बादली घेऊन अवतरल्या. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी त्या रोज कुंडीत ओतत. "फुकट घालवायचं का सूर्यकांतराव? इथे पाणी समुद्रातून गाळून आणतात!" तीन वाजता शाळेच्या बसमधून उतरलेल्या ओवीने दप्तरातली बाटली काढून उरलेलं पाणी बुंध्याशी रिकामं केलं. "आजोबा, टीचर सेज डोन्ट वेस्ट वॉटर."

सूर्यकांतांच्या लक्षात आलं, की या झाडाला कुणी शत्रू नाही. सगळी इमारत त्याच्यावर प्रेम करते, आणि तेच त्याला भोवलंय.

तोंडावर बोलायची हिंमत त्यांच्यात कधीच नव्हती. ग्रंथालयातही पुस्तक बुडवणाऱ्या पोरांना ते चिठ्ठ्या पाठवायचे. तसंच त्यांनी आताही केलं. मोत्यासारख्या अक्षरात नोटीस बोर्डवर यादी लागली : 'झाडाला पाणी घालणारे रहिवासी. १) श्रीमती हव्वाबी. २) श्रीमती कुंदाताई. ३) कु. ओवी (माझीच नात). कृपया झाड वाचू द्या.'

इमारतीत गहजब उडाला. कुंदाताईंनी बोलणं टाकलं. हव्वाबी खिडकीतून ओरडल्या, "भाऊ, चोर काय आम्ही? बोर्डावर नावं लावता? मी पण बघते आता!" अपूर्वा कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, तुम्ही तर भित्रे होतात!" सूर्यकांतांनाही ते पटलं, पण यादी त्यांनी काढली नाही. पाणी ओतणं मात्र बंद झालं. सूर्यकांतांनी सळईने कुंडीच्या तळाचं बुजलेलं भोक मोकळं केलं, कुजक्या फांद्या छाटल्या.

महिनाअखेरीला जोसेफ करवत आणि दोन माणसं घेऊन आला. मागून प्लास्टिकचा खजूरही आला, कुंडीसकट. सूर्यकांत खुर्चीतून उठले नाहीत.

"अंकलजी, हटो. ओनर का ऑर्डर है."

"नहीं हटूँगा." आवाज आपलाच आहे का, हे पाहायला सूर्यकांतांनी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. मग ते आणखी मोठ्याने म्हणाले, "पेड मरा नहीं है. पानी ज्यादा हुआ था. अब सब बंद है. एक महीना दो. नहीं जिया तो मेरे को भी निकालो, पेड के साथ!"

दारात माणसं जमली. अपूर्वाने डोळे मिटून घेतले. जोसेफने शांतपणे कुंडीत, बुंध्याला लागून, बोट घातलं आणि वर धरलं. बोटाला ओला चिखल होता.

"सब बंद है? तो ये क्या है, हबीबी?"

सूर्यकांतांचा चेहरा उतरला. त्यांनी कुंदाताईंकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघताय? मी बादली संडासात ओतते हल्ली!" त्या फणकारल्या.

"मी सांगते." हव्वाबी खिडकीपासून हलून दारातून बाहेर आल्या. या क्षणाची त्या पंधरा दिवस वाट बघत होत्या. "पहाटे फजरच्या नमाजाला उठते मी. उजाडलं की रोज बघते. एक माणूस खाली येतो, सूर्याकडे तोंड करतो, हात वर करतो, आणि तांब्याभर पाणी झाडात. रोज! एक दिवस चुकवत नाही."

सगळ्यांनी सूर्यकांतांकडे पाहिलं. सूर्यकांतांनी खुर्चीखाली ठेवलेल्या तांब्याकडे पाहिलं. सूर्याला दिलेलं अर्घ्य पायदळी येऊ नये, म्हणून ते दोन वर्षं नेमाने या कुंडीत पडत होतं. ते पाणी असतं, हे चौतीस वर्षं पुस्तकं वाचलेल्या माणसाच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एरवी ते लिफ्टमध्ये शिरले असते. पण ते खिशातून पेन काढत बोर्डापाशी गेले आणि यादीच्या सगळ्यात वर, मोत्यासारख्या अक्षरात, स्वतःचं नाव लिहिलं. मग पुन्हा येऊन खुर्चीत बसले.

"गुनहगार मैं हूँ," ते जोसेफला म्हणाले. "पेड नहीं. काटना है तो मुझे काटो."

हव्वाबींनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "आणि मला पण." कुंदाताईही नाक मुरडत येऊन उभ्या राहिल्या.

जोसेफने तिघांकडे पाहिलं आणि करवत खाली ठेवली. "एक महीना. फिर खलास."

महिना संपायला दोन दिवस उरले असताना छाटलेल्या फांदीवर टाचणीच्या टोकाएवढी चंदेरी पालवी दिसली. आता दर दहा दिवसांनी, माती चांगली सुकली की, सूर्यकांत खिशातला दांडा काढून चावी फिरवतात आणि घड्याळ लावून बंद करतात. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. प्लास्टिकचा खजूर परत जाईना, म्हणून तो दाराच्या दुसऱ्या बाजूला लाइटसकट उभा आहे. त्याच्या कुंडीत रोज उजाडताना एक तांब्या पाणी पडतं.

त्याची तब्येत उत्तम आहे.