हलतं ते काढा

"काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे मला शिकवू नकोस!" डॉक्टरांनी बायकोला बजावलं. "आयुष्यभर दुसरं केलंय काय मी?"

समोर पडलं होतं सासऱ्यांच्या जुन्या मोटारसायकलचं इंजिन. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, ज्या टेबलावर एरवी कवळ्यांचे साचे वाळत ठेवलेले असत, त्यावर ते पोट उघडून निवांत पहुडलं होतं. डॉक्टर दातांचे. हात हलका, नाव मोठं. अर्धं शहर त्यांच्यापुढे आ वासून गेलं होतं. सासरे तेवढे राहिले होते.

सासरे दात दाखवायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचे, दुसऱ्या डॉक्टरांकडे. घरचा जावई असताना! ही गोष्ट डॉक्टरांना लग्नापासून खुपत होती.

"मुलगी दिली तुम्हाला," सासरे म्हणायचे. "आता दात कशाला हवेत?"

सध्या त्यांची एक दाढ ठणकत होती आणि गाडीचा दम कमी झाला होता. दोन्ही दुखणी एकदम आलेली पाहून डॉक्टरांना संधी दिसली. इंजिन मी बांधून देतो, म्हणून त्यांनी हट्टच धरला. सासऱ्यांनी जावयाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि अट घातली.

"गाडी नीट झाली तर ही दाढ तुमची. बिघडली, तर दाताचा विषय पुन्हा काढायचा नाही. आणि एक सांगतो, सरसकट सगळं नवीन भरू नका. झिजलंय तेवढंच बदला. नाहीतर ती माझी गाडी कसली राहिली?"

झिजलेलं ओळखायचं! डॉक्टर मनातल्या मनात हसले. हे तर त्यांचं रोजचं काम. त्यांनी स्टीलचे दोन ट्रे मांडले, एक ठेवायच्या भागांचा, एक काढायच्या. हातमोजे चढवले, तोंडाला मास्क लावला, दात बघायचा छोटा आरसा घेतला आणि तपासणी सुरू केली.

पहिला नंबर लागला कनेक्टिंग रॉडचा. पिस्टनला खालून धरणारा हा जाडजूड दांडा. डॉक्टरांनी तो दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवला. रॉड हलला.

"हलतोय!" डॉक्टर शोकाकुल स्वरात म्हणाले.

"हलू दे की," बायको म्हणाली. दवाखान्याचं काउंटर तीच सांभाळायची आणि निम्मं लक्ष तिकडे होतं. "यंत्र आहे ते. न हलून कसं चालेल?"

"मूळ सैल झालंय. काढावा लागेल."

"अहो, बाबांना एक फोन करून विचारा ना."

"नातेवाइकांना विचारून कुणी निदान करतं का?"

रॉडचं नाव काढायच्या यादीत गेलं. मग आला पिस्टन. त्याच्या खाचांमध्ये रिंगा बसवलेल्या होत्या, हातात बांगड्या असाव्यात तशा. डॉक्टरांनी टोकदार हत्यार घालून त्या हलवून पाहिल्या. एकही हलेना! वर्षानुवर्षांच्या काजळीने त्या खाचेत अशा बसल्या होत्या, जणू सरकारी खुर्चीत साहेब.

"वा!" डॉक्टरांना भरून आलं. "याला म्हणतात मजबुती! या वयात इतक्या घट्ट! यांना हातसुद्धा लावायचा नाही."

त्यांनी वरवरची काजळी खरवडली, दात चकचकीत करायच्या ब्रशने पिस्टन असा घासला की त्यात तोंड दिसावं, आणि रिंगांसकट ठेवायच्या ट्रेमध्ये ठेवला.

रॉड मात्र सहज निघेना.

"गंज चढलाय!" ते ओरडले. "हातोडी दे! नाही निघाला तर गरम करू!"

बाहेर अक्कलदाढेसाठी आलेला एक धिप्पाड माणूस बसला होता. तो उठला, काउंटरपाशी आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "बाई, माझं दुखायचं थांबलं." बायकोने खुलासा करेपर्यंत तो जिना उतरलासुद्धा. बातमी गल्लीभर झाली. दवाखाना ओस पडला. डॉक्टरांना त्याचं काही वाटलं नाही. इंजिनाला तेवढाच जास्त वेळ मिळाला!

शेवटी यंत्रांचे भाग कातून बसवणाऱ्या लेथवाल्याने जुना रॉड काढला आणि नवा बसवून दिला. डॉक्टरांनी तोही दोन बोटांत धरून हलवला. तोही हलला. त्यांनी परत पाठवला. लेथवाल्याने तसाच परत आणून दिला आणि हात जोडले.

"हल्ली मालच तसला येतो," डॉक्टर बायकोला म्हणाले.

ठरलेल्या दिवशी सासरे आले. एका बाजूचा गाल सुजलेला, पण गाडी पाहून चेहरा उजळला. गाडी खरोखरच आरशासारखी चमकत होती. त्यांनी किक मारली. किक लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली.

"पाहिलंत, किती मऊ!" डॉक्टर म्हणाले.

एरवी त्या किकवर अख्खं वजन टाकून उभं राहावं लागायचं. शेवटी बापलेकीने गाडी ढकलली, तेव्हा इंजिन खोकलं, शिंकलं आणि सुरू झालं. पाठोपाठ सायलेन्सरमधून असा धूर निघाला की आधी सासरे दिसेनासे झाले, मग गाडी, मग गल्ली. खिडक्या धडाधड मिटल्या. समोरच्या घरातून एका बाईचा आवाज आला, "अहो डासवाले! आमच्या मागच्या बाजूलाही मारा!"

धुरातून सासरे गाडी ढकलत बाहेर आले.

"रिंगा बदलल्यात?"

"नाही बाबा. एकदम घट्ट होत्या. एकही हलत नव्हती!"

सासऱ्यांनी डोळे मिटले. "आणि रॉड?"

"तो हलत होता. काढला."

"उभा हलत होता की आडवा?"

"आडवा."

"डॉक्टर," सासरे संथपणे म्हणाले, "रॉड आडवा हलायलाच हवा. रिंगा हलायलाच हव्यात. तुम्ही चांगलं तेवढं निवडून काढलंत आणि मेलेलं तेवढं पॉलिश करून ठेवलंत!"

एवढं बोलून त्यांनी दात आवळले. कट्ट आवाज झाला. दाढेचा तुकडा पडला.

कळ मस्तकात गेली तसे ते भिंत धरून उभे राहिले. शहराचं दुसरं टोक फार लांब होतं. लेकीने त्यांना धरून आत आणलं आणि जावयाच्या खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी तोंडात आरसा घातला, दाढ हलवून पाहिली.

"घट्ट आहे," ते म्हणाले. "ठेवता येईल."

सासरे खुर्चीतून ताडकन उठले.

"बाबा, बसा!" लेकीने खांदा दाबला. "दातांचं त्यांना खरंच कळतं."

आणि कळत होतंच. एकदा सुई टोचली आणि डॉक्टरांचा हात पुन्हा हलका झाला. त्यांनी दाढ साफ केली, भरली, घासून बेताची केली. सासऱ्यांनी चूळ भरली, जीभ फिरवली, दोनदा चावून पाहिलं.

"छान!" ते म्हणाले. "कळलंच नाही हो. यापुढे दात तुमच्याकडेच."

डॉक्टरांची छाती फुगली. विजयाच्या क्षणी माणसाने उदार असावं, म्हणून ते म्हणाले, "तुमच्या त्या डॉक्टरांना वाईट वाटेल."

"छे हो! दात ते बेताचेच बघतात." सासरे चपला शोधू लागले. "पण इंजिन काय बांधतात! तुमचा हट्ट म्हणून या वेळी तुम्हाला दिलं. चला, कोट काढा आणि हँडल धरा. मी मागून ढकलतो. त्यांचा दवाखाना बंद व्हायच्या आत पोचायला हवं."