न फुटणारा नंबर

बबनतात्यांकडे पंक्चर काढायला गेलात, तर ते आधी चाकाकडे बघत नाहीत, नंबरप्लेटकडे बघतात. डोळे मिटून काहीतरी पुटपुटतात आणि निकाल देतात, "फुटतोय!" कापूरहोळ फाट्यावर नवखा माणूस हबकतो. त्याला वाटतं, टायरच गेला.

तात्यांच्या भाषेत, ज्याला भाग जातो तो नंबर फुटतो. एक आणि स्वतः सोडून ज्याला कुणाचाच भाग जात नाही, तो 'टनक'. शाळेत आम्ही त्याला मूळ संख्या म्हणतो. आम्ही म्हणजे मी. वरव्याहून रोज स्कूटरवर भोरला जाऊन गणित शिकवतो. एम.एस्सी. आहे. हे मी तात्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, त्यांनी विचारलं नसताना.

माझ्या स्कूटरचा नंबर ८०५१. मी तीन, सात, अकरा, तेरा असे भाग घालून पाहिले आणि रुबाबात म्हटलं, "तात्या, हा टणक."

"फुटतोय की, गुरजी. त्र्याऐंशी गुनिले सत्त्यान्नव."

"एवढ्यात कसं कळलं?"

"नव्वदाचा वर्ग आठ हजार शंभर. त्यातनं साताचा वर्ग काडला की झाली तुमची स्कूटर. मंग नव्वदातनं सात काडा, नव्वदात सात घाला. जोडी गावली!"

शेजारी आमच्याच शाळेतल्या दोन बाई चहा पीत होत्या. त्या हसल्या. मी शाळेत पोचलो, तेव्हा बातमी स्टाफरूममध्ये बसलेली होती.

एम.एस्सी. माणूस सूड उगवणार तोही गणितानेच. दुसऱ्या दिवशी मी तात्यांना चिठ्ठी दिली : २१४७४८३६४७. "फोडा हा."

हा नंबर टणक आहे, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. ते मी सांगितलं नाही.

तात्यांनी चष्मा पुसला. "शेहेचाळीस हजारापातूर बगावं लागंल. म्होरच्याचा भाग गेला, तर त्याचा जोडीदार अलीकडंच गावनार." भाग फक्त वर्गमुळापर्यंत तपासायचे, हेच मी वर्गात दोन तास शिकवतो, तरी कुणाला पटत नाही.

मग रोज सकाळी मी उगाच हवा भरायला थांबू लागलो. "कुठवर आलं, तात्या?"

"सातशे त्रेचाळीस झाला. न्हाई जात."

पावसाळा गेला, थंडी आली. तात्या चौथ्या वहीत शिरले. आधी मी मजा बघायला थांबत होतो, नंतर सवय झाली. पण एकदा ऑइलच्या हातांनी ते वही उलटताना दिसले आणि मला माझीच लाज वाटली.

"तात्या, माफ करा. तो फुटत नाही. मला आधीपासून माहीत होतं."

"मलाबी. म्या तवाच मोबाईलवर बगितलं."

"मग या चार वह्या?"

तात्यांनी ट्यूब पाण्यात दाबली. बुडबुडे कुठून येतात ते बघत राहिले.

"तुमची काकी गेल्यापास्नं कुनी थांबून काय इचारत न्हाई, गुरजी. हवा भरत्यात, जात्यात. तुमी रोज इचारायचा, कुठवर आलं. मंग सांगायला कायतरी नको का?"

पहिला तास माझाच होता. मी शाळेत फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि स्टूल ओढून बसलो.