हिस्केचा बूट आणि ओहोटीची वेळ

"हा डावा की उजवा?" हातातला बूट उलटसुलट करत डुर्कने विचारलं.

"कुठलाही. त्या काळी डावा-उजवा नव्हताच. दोन्ही बूट एकाच साच्यावर करायचे."

"तरीच ती माणसं लवकर मरायची."

हिस्के स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती. बसणं शक्य नव्हतं. आधी बूट आणि मग चोळी, हा क्रम ती आज गडबडीत विसरली होती. वेताच्या काड्या शिवलेली ताठ चोळी एकदा पाठीवर आवळली की बाई कमरेत वाकत नाही. वाकलीच तर झाडासारखी आडवी होते. म्हणून डुर्क गुडघ्यांवर बसून बायकोच्या पायात बूट चढवत होता आणि टेबलावर त्याची कॉफी निवत होती.

"रेशमी फीत आहे, जपून. पण घट्ट बांध हं, मिरवणुकीत सुटायला नको."

"तीस वर्षं धक्क्याला बोटींचे दोर बांधतोय मी. सुटणार नाही."

टपाल कचेरीतून निवृत्त झाल्यावर हिस्केने पहिले काही महिने कपाटं आवरली. मग एकदा संग्रहालयात एका जुन्या चित्रासमोर ती थबकली. मासळी घेणारी एक साधी बाई, आणि तिच्या घागऱ्याच्या कमरेवरच्या बारीक चुण्या. एवढ्या जाड लोकरीला इतक्या बारीक चुण्या कशा घातल्या असतील? त्या एका प्रश्नाने पुढे सगळं घर खाल्लं. पडदे धुवायचे राहिले, टेबलावर तागाचं कापड पसरलं, वाटाण्याच्या सूपला मेणाचा आणि चामड्याचा वास येऊ लागला. बुटांना तर अख्खा हिवाळा लागला. लाकडाची टाच कोरायची, तिच्यावर चामडं ताणायचं, तळवा मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचा. पहिला जोड बदकांसारखा झाला. हा दुसरा मात्र असा उतरला की ती तो झोपायच्या खोलीत ठेवायची आणि दिवा घालवण्याआधी एकदा बघायची.

डुर्कने विरोध केला नाही. त्याने काहीच केलं नाही. "झालं का तुझं?" एवढंच तो विचारायचा, आणि ते जेवायला बसायचं असायचं म्हणून. हिस्केला वाटे, भांडला असता तरी चाललं असतं.

आज हार्लिंगनच्या जुन्या बंदराचा उत्सव होता. हिस्के आणि तिच्या चार मैत्रिणी सतराव्या शतकातल्या बायका होऊन चर्चपासून धक्क्यापर्यंत चालणार होत्या. पुढे आलेइदा. ती पूर्वी गणित शिकवायची आणि आता मैत्रिणींचे टाके मोजायची. मशीनचा टाका दिसला की ती काही बोलत नसे. फक्त चष्मा काढून पुसत असे. ते जास्त लागायचं.

धक्क्याआधी लाकडी पूल येतो. बोट आली की तो उचलतात, आणि उचलणारा माणूस म्हणजे डुर्क. पाचजणी पुलाच्या मध्यावर आल्या आणि हिस्केची टाच दोन फळ्यांमधल्या फटीत गेली. तिने पाय ओढला. टाच आणखी खाली गेली.

"थांबा गं, मी अडकले!"

चौघी वळल्या, तिच्याभोवती जमल्या आणि खाली बघू लागल्या. बघण्यापलीकडे काही होईना, कारण वाकता कुणालाच येत नव्हतं. आलेइदाने गुडघे दुमडून खाली जायचा प्रयत्न केला, पण अर्ध्या वाटेवर चोळी हनुवटीला लागली आणि दोघींनी तिला दंड धरून वर काढलं.

तेवढ्यात घंटा वाजली. दोन्ही बाजूंचे अडसर खाली आले. अडसरापलीकडच्या पर्यटकांना वाटलं, नाटक सुरू झालं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुलाच्या कर्ण्यातून डुर्कचा आवाज आला, "पुलावरच्या बायकांनी कृपया पुढे चालावं."

"अरे, मी आहे!" हिस्के ओरडली.

"दिसतंय तूच आहेस ते. पुढे चाल."

"जाता येत नाहीये! टाच अडकलीय!"

टाळ्या वाढल्या. "काय सुंदर अभिनय!" कुणीतरी म्हणालं.

मग डुर्क पुलाच्या टोकाच्या केबिनमधून धावत आला आणि त्या सकाळी दुसऱ्यांदा बायकोच्या पायाशी बसला. त्याने टाच हलवून पाहिली. हलेना. मग फितीची गाठ सोडायला घेतली. तीही सुटेना. दातओठ खाऊन तो म्हणाला, "ही असली गाठ मारली कुणी?"

"तूच. सकाळी."

डुर्कने खिशातून चाकू काढला.

"कापू नका!" आलेइदा किंचाळली. "फीत हाताने विणलेली आहे!"

"डुर्क, थोडा थांब ना," हिस्के म्हणाली. "नखाने सुटेल. एवढी काय घाई? बोटवाले थांबतील."

डुर्कने मान वर केली. त्याचा चेहरा तिने असा फार दिवसांत पाहिला नव्हता.

"बोट ईपेची आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "बाउक्ये त्याची राख समुद्रात सोडायला निघालीय. ओहोटी लागलीय. आत्ता नाही गेली तर बंदराच्या तोंडाशी पाणी पुरणार नाही."

हिस्केने कठड्यापलीकडे पाहिलं. तपकिरी शिडांची ईपेची जुनी बोट पाण्यात थांबली होती. डेकवर काळ्या कपड्यांतली दहाबारा माणसं, आणि पुढे त्याची बायको बाउक्ये, मांडीवर कलश घेऊन. ईपे पुलाखालून जाताना टोपी उंचावायचा, तो गेल्या महिन्यात गेला होता. आपण इथे नटूनथटून उभ्या, आणि ती तिथे. हिस्केला कॉलरच्या चुण्या गळ्याला टोचू लागल्या.

"काप," ती म्हणाली.

डुर्कने फीत कापली. तिचा पाय बाहेर आला, बूट फळ्यांतच राहिला. एक पाय मोज्यावर टाकत ती मैत्रिणींच्या आधाराने केबिनपाशी पोचली. पूल उचलला जाऊ लागला, आणि त्याच्याबरोबर बूटही वर चढला. पूल उभा झाला तेव्हा बूट साऱ्या गावाच्या डोक्यावर आडवा लटकत होता आणि कापलेल्या फितीची टोकं वाऱ्यावर फडफडत होती.

बोट पुलाखालून निघाली. डेकवरच्या सगळ्यांनी वर बुटाकडे पाहिलं, मग खाली, एका पायावर उभ्या असलेल्या हिस्केकडे. हिस्केला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

मग बाउक्ये केबिनकडे बघून मोठ्याने म्हणाली, "डुर्क! सगळा जन्म त्याला या पुलापाशी ताटकळवलंस. आज तरी सोडायचं होतंस!"

आणि ती हसली. आधी ती, मग तिचा भाऊ, मग बोटीवरचे सगळे. रडणारेही हसत होते, हसता हसता पुन्हा रडत होते. त्या गलबल्यातच बुटाची टाच फळ्यांतून निसटली. बूट धप्पदिशी डेकवर, बाउक्येच्या पायांशी पडला. बोट तो घेऊनच समुद्राकडे गेली.

मिरवणूक चौघींनी पुरी केली. हिस्के केबिनमध्ये राहिली. लग्नाला इतकी वर्षं होऊनही ती तिथे कधी इतका वेळ थांबली नव्हती. डुर्क बोटींना नावांनी ओळखतो, वारा पाहून त्यांचा वेग सांगतो, हे तिला माहीत नव्हतं. मध्येच तो म्हणाला, "त्या तळव्याला टाके आतून घातलेत का? मगाशी दिसलेच नाहीत."

हिस्के सांगू लागली. पहिल्यांदा त्याने आपणहून विचारलं होतं, आणि तेही जेवणाची वेळ झालेली नसताना.

ऊन कलल्यावर पुढच्या भरतीबरोबर बोट परत आली. बाउक्ये धक्क्यावर उतरून केबिनपाशी आली. बूट तिच्या दोन्ही हातांत होता.

"राख सोडली, आणि मांडी एकदम रिकामी झाली गं," ती म्हणाली. "हातांचं काय करावं कळेना. मग हा घेतला. इथपर्यंत धरूनच आले." ती जरा घुटमळली. "तू केलायस ना? मी ठेवला तर चालेल?"

हिवाळाभर कोरलेली टाच, बोटांना पडलेले घट्टे, सगळं हिस्केच्या डोळ्यांपुढून गेलं. "ठेव," ती म्हणाली. "त्याला मऊ फडक्याने पुसत जा. आणि मंगळवारी आम्ही जमतो, तेव्हा येत जा. हातांना काम मिळेल."

"मला शिवता येत नाही."

"मलाही येत नव्हतं."

आठवड्याने हिस्के स्वयंपाकघरात आली, तर डुर्क टेबलाशी बसून लाकूड कोरत होता. भुसा सूपच्या वाटीत पडत होता.

"हे काय करतोयस?"

"टाच."

तिने ती हातात घेऊन पाहिली. चांगली दणकट होती, आणि जवळजवळ बशीएवढी रुंद.

"अरे, सतराव्या शतकात असली टाच नव्हती."

"सतराव्या शतकात पुलावर मीही नव्हतो."

हिस्केने टाच फिरवून फिरवून पाहिली. मग कपाटातून चामडं काढलं, मेण त्याच्या पुढ्यात सरकवलं आणि शेजारची खुर्ची ओढली.

"चामडं मी चढवते," ती म्हणाली. "आलेइदाला मात्र सांगू नकोस."