जयसिंगआण्णांचा एकमेव संदर्भ

"हे काम कोण घेणार?" असं प्राचार्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, तेव्हा मी फक्त मान खाली घालायची होती. बाकी सगळ्यांनी घातली होती. मी मात्र "काम काय आहे, सर?" असं विचारलं. नोकरीत चौकशी करणं म्हणजे होकार देणं, हे एकवीस वर्षांत मला कळायला हवं होतं. (सुलक्षणाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मते एकवीस वर्षांत मला बरंच काही कळायला हवं होतं.)

काम असं, की विद्यार्थ्यांना ऑनलाइन ज्ञानकोशात लिहायला शिकवायचं. तोच तो, ज्यात कुणीही लेख लिहू शकतो आणि कुणीही तो दुरुस्त करू शकतो. मी त्यांचा मार्गदर्शक. वास्तविक मी कॉलेजच्या लायब्ररीत क्लार्क आहे. पुस्तकं देतो, परत घेतो, परत आली नाहीत तर ओरडतो. एवढ्यावरून माझा ज्ञानाशी संबंध असावा असं ठरलं.

चाळीस जणांनी नावं दिली, कारण प्रमाणपत्र मिळणार होतं. त्यातल्या एकोणचाळीस जणांनी कुठून तरी उचललेला मजकूर जसाच्या तसा चिकटवला. एकाच्या गावावरच्या लेखात तर हिंजवडीतल्या फ्लॅटची जाहिरात आली, स्विमिंग पूलसह. मनापासून शिकली ती एकटी सृष्टी. आणि ती नेमकी आमच्या घरमालकांची पुतणी निघाली.

घरमालक म्हणजे जयसिंगआण्णा. नेऱ्याच्या पुढे आणि घोटावड्याच्या अलीकडे आमचं गाव. (नाव सांगत नाही, तुम्ही लगेच शोधायला बसाल.) आण्णांच्या रानात पूर्वी भात यायचा, आता भाडेकरू येतात. आम्ही परभणीहून येऊन नऊ वर्षं त्यांच्या इमारतीत राहत होतो. मुलीची शाळा समोर, कॉलेजची बस दारात. हे घर सोडायचं नाही, एवढी एकच गोष्ट आमच्या संसारात एकमताने ठरलेली होती.

सृष्टीने लेखासाठी स्वतःचंच गाव घेतलं. एके सकाळी पाण्याची मोटर चालू करायला आलेल्या आण्णांनी मला जिन्यातच गाठलं.

"सर, पोरगी गावाचं ल्हितीया म्हनं नेटवर?"

"हो, आण्णा."

"मग आमचं नाव कुटं हाय त्यात?"

इथे मी नियम सांगायला हवा होता. पण भाडेकरार महिन्याभरात संपत होता. मी म्हणालो, "टाकू की! त्यात काय एवढं!"

सृष्टीला सांगितलं, तर ती म्हणाली, "सर, छापील संदर्भ लागेल. तुम्हीच शिकवलंय."

"अगं, चौकात आण्णांचे एवढे फ्लेक्स लागतात!"

"फ्लेक्स चालत नाही, सर. स्वतःच स्वतःबद्दल छापलेलं धरत नाहीत."

हेही मीच शिकवलं होतं. "मग जुने पेपर बघ," मी म्हणालो. "मोठा माणूस आहे, कधीतरी आलंच असेल नाव." पेपरांचे गठ्ठे मीच माळ्यावरून शिंकत शिंकत काढून दिले. तिने तीन दिवस ते चाळले. नाव आलेलं होतं. एकदाच.

आण्णांच्या वाढदिवसाला इमारतीच्या पार्किंगमध्ये मांडव पडला. मी कॉलेजचा प्रोजेक्टर आणला. (कुणी सांगितलं नव्हतं.) "आपलं नाव आता जगात गेलंय, सर वाचून दावतील," असं म्हणून आण्णांनी माइक माझ्या हातात दिला. लेख मी आधी वाचलेला नव्हता. मार्गदर्शकाला वेळ कुठे असतो? खणखणीत आवाजात मी सुरुवात केली:

"गावातील जयसिंग यांनी दोन हजार बारा साली गावचा ओढा बुजवून त्यावर तीन मजली इमारत बांधली. याबद्दल ग्रामपंचायतीने त्यांना नोटीस बजावली होती. कंसात एक."

वाचनाच्या भरात मी संदर्भाचा आकडाही सोडला नाही. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ज्या इमारतीबद्दल मी वाचत होतो, तिच्याच खाली आम्ही सगळे उभे होतो.

"सर," आण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "दोन दिसांत ते निगालं पायजे. न्हाईतर घर रिकामं करायचं."

दुसऱ्या दिवशी मी सृष्टीला लायब्ररीत बोलावलं. "ते वाक्य काढ, बाळा."

"बातमी खोटी आहे का, सर?"

"खोटी नाही गं. पण माझ्या मुलीची शाळा तिथे समोरच आहे."

"सर, ओढा बुजवल्यापासून खालच्या आळीत दर पावसाळ्यात घराघरांत गुडघाभर पाणी शिरतं. त्यांनी काय काढायचं?"

मला लाज वाटली. पण लाज वाटून घर टिकत नाही, म्हणून घरी जाऊन ते वाक्य मी स्वतःच उडवलं आणि कारण लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. तासाभरात सृष्टीने ते परत घातलं. मी पुन्हा उडवलं, तिने पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा उडवून मी चर्चेच्या पानावर कळकळीने लिहिलं, 'कृपया समजून घ्या, मी त्यांच्याच घरात राहतो.' ज्ञानकोशाच्या प्रचालकांनी, म्हणजे तिथल्या देखरेख करणाऱ्यांनी, ते ताबडतोब समजून घेतलं आणि हितसंबंधांच्या कारणावरून मला महिनाभर लिहायला बंदी केली. मी त्यांच्याशी वाद घातला, तेव्हा ती कायमची झाली. चाळीस विद्यार्थ्यांच्या उपक्रमात बंदी आलेला एकमेव माणूस मार्गदर्शक होता.

सृष्टीला उत्कृष्ट संपादकाचं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर सही माझी. समारंभाला आण्णा फेटा बांधून आले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. न राहवून मी त्यांना बाजूला घेतलं.

"आण्णा, लिहिलं तिनं, आणि घर आम्ही सोडायचं?"

"पोरगी घरची हाय, सर. तिला कुटं भायेर काढू? तुमी भायेरचंच."

हे मात्र लागलं. नऊ वर्षं मी त्या गावात मत दिलं, गणपतीला वर्गणी दिली, गावातल्या दोन म्हाताऱ्यांना खांदा दिला. परभणीत आता मला कुणी ओळखत नाही, आणि इथे मी बाहेरचा.

आठवडाभर घर शोधलं. अखेर घोटावड्यात साळूबाईंच्या दोन खोल्या बघायला गेलो. मुलीची शाळा आता पाऊण तासावर जाणार होती. साळूबाई उंबऱ्यातच उभ्या, चावी मुठीत.

"सायेब काय करत्यात?" त्यांनी सुलक्षणाला विचारलं.

"कॉलेजात आहेत. लायब्ररीत."

साळूबाईंचा चेहरा बदलला. "त्या जयसिंगाचं नेटवर ल्हिलं, त्ये कॉलेजवालं तर न्हवं ह्ये? आमचीबी भिंत जरा रस्त्यात आलीया, बाई."

मी तोंड उघडणार एवढ्यात सुलक्षणा पुढे झाली.

"छे हो, मावशी. यांना तिथे लिहायला बंदी आहे."

"किती दिसाची?"

"कायमची."

साळूबाईंनी मला एकदा आपादमस्तक बघून घेतलं.

"मंग ऱ्हावा," त्या म्हणाल्या आणि चावी सुलक्षणाच्या हातात दिली.