व्रेतेनोची धुलाई

कपडे धुण्याच्या मशीनसमोर स्टूल ओढून रादिवोय बसला होता आणि आतल्या चौदा पांढऱ्या जर्सींना विचारत होता, "आता तुम्हीच सांगा, ती तुमचं काय करायची?"

जर्सी काही बोलल्या नाहीत. त्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

रादिवोयची बायको युल्का त्या शरदात गेली. तो व्रेतेनो हँडबॉल क्लबचं सामान सांभाळायचा आणि ती क्लबचे कपडे धुवायची, लग्न झाल्यापासून. शनिवारी मॅच व्हायची. रविवारी पोरं घामट पिशव्या घेऊन दारात यायची, युल्का त्यांना शेवया घातलेलं सूप पाजायची आणि मग सगळ्यांना धुण्याच्या खोलीतून हाकलायची. रादिवोयलासुद्धा. "बाहेर बस. तुला यातलं काही कळत नाही." तो बाहेर बसायचा आणि रेडिओवर हवामान ऐकायचा. ती आत काय करते हे त्याने कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. आमच्या वोय्वोदिनात, म्हणजे उत्तर सर्बियात, याला सुखी संसार म्हणतात.

आणि आत करण्यासारखं पुष्कळ होतं. हँडबॉल हाताने खेळतात. चेंडू सुटू नये म्हणून बोटांना राळ फासतात. ती बोटांवरून चेंडूवर जाते, चेंडूवरून कपड्यांवर, आणि कपड्यांवरून कुठेही जात नाही. राळेला आम्ही स्मोला म्हणतो. पनवतीलाही स्मोलाच म्हणतो. दोन्ही अंगाला लागल्या की निघत नाहीत, मग दोन शब्द हवेत कशाला.

व्रेतेनो म्हणजे चाती. आमच्या सूतगिरणीचा क्लब. गिरणी विकली गेली, घेणाऱ्याने यंत्रं भंगारात घातली आणि जागेवर कुलूप लावलं. क्लबचं काय करायचं ते त्याला सुचलं नाही म्हणून क्लब राहिला. आम्ही सहा देशांच्या लीगमध्ये खेळतो. त्यातले बहुतेक पूर्वी एकच देश होते आणि शेजारच्या गावी खेळायला जाताना पासपोर्ट लागत नसे. मग आमच्या शहाण्यांनी तो देश फाडला, माणसं मारली, सीमेवर चौक्या बांधल्या, आणि सगळं झाल्यावर करमेना म्हणून एकमेकांना हँडबॉल खेळायला बोलावलं. त्या मोसमात व्रेतेनो एकही मॅच जिंकला नव्हता. तक्ता उलटा धरला की आम्ही पहिले होतो.

हरण्याबद्दल क्लबचा डायरेक्टर बोश्को कधी रागावला नाही. तो कपड्यांवर रागावला.

"काका, टीव्हीवर पाहिलंत ना परवा? प्रायोजकाचं नाव वाचता येत नव्हतं. त्याचा फोन आला होता."

प्रायोजक शवपेट्या आणि अंत्यविधीचं सामान विकायचा. गावात वाढत असलेला तो एकच धंदा होता.

"ती होती तोवर मी कधी धुतले नव्हते रे," रादिवोय म्हणाला. "जमेल हळूहळू."

"तुम्ही कशाला हा त्रास घेता या वयात? लाँड्री आहे, ते गाडी पाठवतात."

"त्रास कसला."

"बघा बुवा. या शनिवारी कपडे स्वच्छ दिसले तर तुमच्याकडे राहू देत. नाहीतर रविवारी गाडी येईल."

रादिवोयला धुण्याची हौस नव्हती. पण कपडे गेले की पोरं कशाला येतील? युल्का गेल्यापासून त्या घराची घंटा रविवारीच वाजायची. आठवड्याचे बाकीचे दिवस तो घरात एकटा, आणि भिंतीवर घड्याळ. रविवारसाठी तो जगत होता म्हटलं तरी चालेल. म्हणून तर स्टूल ओढून मशीनसमोर बसला होता.

शेवटी तो उठला आणि कुंपणाशी गेला. पलीकडे पिरोश्का कोंबड्यांना दाणे टाकत होती. हंगेरियन बाई, युल्काची जन्माची शेजारीण, बोलायला लागली की थांबायची नाही.

"पिरोश्का, युल्का स्मोला कशाने काढायची गं?"

"चरबीने. डुकराच्या चरबीने. दुसऱ्या कशाला ती दाद देत नाही. पण आधी काय करायचं..."

रादिवोय तोवर तळघरात पोचला होता. नोव्हेंबरात कापलेल्या डुकराच्या चरबीचा अख्खा डबा तिथे होता. तो त्याने मशीनमध्ये उपडा केला, आच असेल तेवढी मोठी केली आणि स्टुलावर बसला. घरभर चरबी कढवल्याचा वास सुटला. फाटकाशी गल्लीतली कुत्री जमली आणि आदराने बसली.

खेळाडू बोटांना फासतात तो राळेचा मलम कारखान्यात कसा करतात हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. राळ घेतात, त्यात चरबी किंवा तेल घालतात आणि तापवून एकजीव करतात. रादिवोयने घरच्या घरी तेच केलं होतं. फरक एवढाच की कारखाना मलम डबीत भरतो.

पण जर्सी बाहेर आल्या तेव्हा पांढऱ्याशुभ्र होत्या. डाग गेले होते. गेले कसले, सगळीकडे सारखे पसरले होते. शवपेट्यांचं नाव रस्त्यापलीकडून वाचता येत होतं. त्याने त्या पडवीत दोरीवर टाकल्या. उत्तरेचा बोचरा वारा सुटला होता, चरबी थिजली, कापड कडक झालं. त्याने एक जर्सी हातात घेतली, स्वयंपाकघराकडे वळला आणि म्हणाला, "युल्का, हे बघ जरा."

मग त्याने जर्सी पुन्हा दोरीवर टाकली.

शनिवारी स्लोव्हेनियाहून लीगमधला पहिल्या नंबरचा संघ आला. त्यांची बस आमच्या हॉलपेक्षा महाग होती. हॉलमध्ये मात्र दोघांनाही सारखीच थंडी, कारण बॉयलर पालिकेचा. बोश्कोने जर्सी पाहिल्या आणि रादिवोयच्या खांद्यावर थोपटलं. "वा काका. आता तुम्हाला कुणाच्याही घरी सून म्हणून पाठवायला हरकत नाही."

"जरा कडक आहेत," ओग्न्येन म्हणाला. हा आमचा आडदांड गडी. समोरच्यांच्या भिंतीत घुसून उभं राहायचं, धक्के खायचे आणि मिळाला तर चेंडू घेऊन वळायचं, हे त्याचं काम.

"खळ घातलीय," रादिवोय म्हणाला. खळ म्हणजे नक्की काय हेही त्याला ठाऊक नव्हतं.

सुरुवातीला नेहमीसारखंच चाललं होतं. आमचा गोलकीपर जाळ्यातून चेंडू काढून देत होता आणि पाहुणे पुन्हा आत टाकत होते. मग पोरं तापली, अंगाला घाम आला, आणि जर्सी जाग्या झाल्या.

ओग्न्येनकडे एक वाकडा पास आला. चेंडू त्याच्या छातीवर आपटला आणि तिथेच राहिला. ओग्न्येनने खाली पाहिलं. दोन्ही हात मोकळे होते. त्याने चेंडू छातीवरून सोलून काढला आणि जाळ्यात टाकला.

पुढच्या वेळी पाहुण्यांच्या दोन भिंताडांनी त्याला मागून आवळलं, नेहमीसारखं. शिट्टी वाजली.

"सोड की आता," ओग्न्येन म्हणाला.

"सोडलंय."

"मग हात काढ."

"निघत नाहीये. तू पुढे सरक."

"सरकलो तर तू पण येतोयस."

मॅसेडोनियाच्या पंचांना एवढंच दिसत होतं की शिट्टी वाजून गेली तरी एक माणूस दुसऱ्याची जर्सी धरून उभा आहे. दोन मिनिटं बाहेर. सात मीटरवरून मोकळा फटका. पुढच्या चढाईला पुन्हा तेच, त्याच्या जोडीदाराचं. पाहुण्यांचा ट्रेनर बाकावरून ओरडत होता, "हात लावू नका त्यांना," आणि हात न लावता हँडबॉलमध्ये कुणाला अडवतात ते त्याचं त्यालाच सांगता आलं नाही. मध्यंतरानंतर एक वेळ अशी आली की पाहुण्यांचे सातांपैकी चौघेच मैदानात होते. आमच्या डावीकडच्या पोराचा हात बरगडीला चिकटून बसला होता, तो एका हाताने खेळला. गॅलरीत म्हातारी माणसं हवा हुंगत होती. "आज काहीतरी तळतायत वाटतं. जिंकणार म्हणून खायला देणार असतील."

आणि व्रेतेनो जिंकला. एका गोलने, पण जिंकला. गिरणी बंद झाल्यापासून त्या हॉलमध्ये मी माणसांना रडताना पाहिलं होतं. हसत रडताना त्या दिवशी पाहिलं. रादिवोयने धावत जाऊन ओग्न्येनला मिठी मारली. मिठी सोडायला गेला तेव्हा त्याला सगळं कळलं.

लीगचा निरीक्षक क्रोएशियाचा होता, पोटभर जेवलेला, चांगल्या कोटातला. तो अभिनंदन करायला कपडे बदलायच्या खोलीत आला, त्याने ओग्न्येनच्या पाठीवर थाप मारली आणि हात पाठीवरच राहिला. तो सोडवून घेतल्यावर त्याने तळहाताचा वास घेतला.

"हे काय आहे?"

 बोश्को पुढे झाला. "साहेब, पाहुण्यांच्याच हाताची स्मोला. सारखे धरत होते ना आमच्या पोरांना. आणि नियमात हातावर चालते, बुटांवर चालते. जर्सीबद्दल काही लिहिलंय का?"

"लिहिलं नाही. असं कोणी करेल हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलं नाही. मला सांगा, कपडे कोण धुतं?"

बोश्कोने रादिवोयच्या पायावर पाय दिला. म्हाताऱ्याने खांदे उडवले असते, माहीत नाही म्हटलं असतं, तर बात तिथेच मिटली असती. मोसमातला एकुलता एक विजय राहिला असता, कपडेही त्याच्याकडेच राहिले असते.

"मी," रादिवोय म्हणाला. "बायको धुवायची. ती गेली. मला येत नाही धुता. पोरांना काही माहीत नव्हतं."

निरीक्षकाने चष्मा काढून पुसला. त्याचे डोळे भरून आले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्याने चष्मा लावला आणि तक्रार लिहायला बसला. आमच्याकडचे साहेब असेच. आधी रडतात, मग सही करतात.

लीगने निकाल फिरवला. पाहुणे दहा-शून्यने विजयी. गिरणी लुबाडणारा नदीकाठच्या बंगल्यात राहतो. देश फाडणाऱ्यांचे पुतळे होतायत. पालिकेचा बॉयलर कोणी खाल्ला हे सगळ्या गावाला पाठ आहे. या सगळ्यात चौकशी होऊन रीतसर शिक्षा झाली ती एका विधुराला, त्याला चड्ड्या-बंड्या धुता आल्या नाहीत म्हणून.

लाँड्रीची गाडी आली. ड्रायव्हरने जर्सींचा गठ्ठा उचलला, तो एकाच तुकड्यात उचलला गेला. "आजोबा, यातली एक सुटी होते का?"

"ताप लागला की होईल. न्या."

पुढच्या रविवारी त्याने सूप करून ठेवलं. मोठ्या पातेल्यात. युल्काने मोठं पातेलंच वापरलेलं, त्यामुळे त्याला लहान प्रमाण माहीत नव्हतं. घंटा वाजली नाही. दुपारी त्याने पातेलं कुंपणाशी नेलं.

"कोंबड्यांना घाल हे, पिरोश्का."

तिने पातेलं घेतलं. "मी सांगत होते. आधी चोळायची, मुरू द्यायची, मग सुरीने खरवडायची आणि मग साबणाने धुवायचं. तू अर्ध्यात पळालास."

"हो."

"तिचंसुद्धा कधी पुरतं ऐकलं नाहीस."

"नाही ऐकलं," रादिवोय म्हणाला आणि आत गेला.

त्याच्या पुढच्या रविवारी मात्र घंटा वाजली. दारात ओग्न्येन उभा होता, हातात फुगलेली पिशवी.

"कपडे तर लाँड्रीत जातात ना आता?" रादिवोयने विचारलं.

"जातात. हे क्लबचे नाहीत." ओग्न्येन पायांकडे बघत होता. एवढा आडदांड गडी, कानांपर्यंत लाल झाला होता. "आई व्हिएन्नाला गेलीय. कुठल्याशा म्हाताऱ्या बाईला सांभाळायला. घरात मी आणि बाबा. चादरी आहेत, बाबांचे शर्ट आहेत. आमचे आतले कपडे पण आहेत, माफ करा."

"अरे, मशीन नाही का घरी?"

"आहे. त्यावर नऊ बटणं आहेत."

"आणि तू माझ्याकडे आलास? सहा देशांत लेखी निकाल लागलाय माझ्या धुण्याचा."

"म्हणूनच आलो काका. आमच्या दोघांपैकी कुणी मशीन कधी चालू तरी केलंय का? तुम्ही निदान केलंत."

रादिवोयने त्याच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. फाटकाशी आणखी तिघं उभे होते, पिशव्या पाठीमागे लपवून, एकमेकांना ओळखत नसल्यासारखे. कुणाची आई ग्राझला, कुणाची बायको म्युनिकला. अर्ध्या युरोपची म्हातारी माणसं स्वच्छ चादरींवर झोपली होती, आणि त्या चादरी धुणाऱ्यांची पोरं इथे मळके शर्ट घेऊन थंडीत कुडकुडत होती.

"आत या," रादिवोय म्हणाला. "पण आधीच सांगतो, मला धुता येत नाही."

"आम्हाला तरी कुठे खेळता येतं," गोलकीपर म्हणाला, आणि बूट काढून आत आला.