धाकट्याला न झेपलेली पंगत

ज्या साहेबानं हा नियम केला तो जन्मात कधी पंगतीला बसलेला नाही, असं अपेक्षाचं ठाम मत होतं. बसला असेलच, तर वाढप्याच्या हातातली बादली स्वतःकडं ओढणारा असणार, आणि हात धुवायला उठताना शेजाऱ्याचं ताट लाथाडून गेलेला असणार. हे ती त्याच्या तोंडावर सांगायला तयार होती. अडचण एवढीच, की साहेबाचं तोंड कुठल्या देशात आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

टीव्हीला जोडून गेम खेळायचे डबे करणारी एक परदेशी कंपनी होती. तिचे डबे दोन. एक मोठा, महाग, ताकदीचा. दुसरा लहान, स्वस्त आणि जिवानं निम्मा. अपेक्षा त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायची. आणि कंपनीचं फर्मान असं, की गेम विकायचा तर तो दोन्हींवर सारखाच चालला पाहिजे. थोरल्यावर जे दिसेल ते सगळं धाकट्यावर दिसलं पाहिजे. नसेल दिसत तर थोरल्यावरही विकायचा नाही.

"म्हंजे एका पोराला सहा भाकरी पचतात, दुसऱ्याला दोन," अपेक्षा म्हणाली, "तर दोघांलाबी दोनच वाढा. ह्याला न्याय म्हणतेत व्हय?"

"स्वस्तातला घेणारा पण गिऱ्हाईकच है की," अतीक म्हणाला. "मी लहान होतो तवा आमच्या गल्लीत सगळ्यांत मोडका डबा माझ्याकडं होता. निम्मे गेम चालायचेच नाहीत. नुसता खोक्यावरचा फोटो बघत बसायचो."

"तू कुणाच्या बाजूचा हायस?"

"तुझ्याच. पण बोलू तर दे."

सोलापुरात अक्कलकोट रोडला अतीकच्या चाचांचं, म्हणजे नबीलाल यांचं आइस्क्रीमचं दुकान होतं. त्याच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत हे दोघं तीन वर्षं एकच गेम करत बसले होते. प्रोग्रॅम लिहायची वळसंगची अपेक्षा, चित्रं काढायचा अतीक. गेमचं नाव 'पंगत'. खेळणारा वाढपी. समोर लग्नाचा मांडव, पाचशे पाहुणे, बँड, नवरा-नवरी. कुणाचं ताट रिकामं राहता कामा नये. राहिलं की मुलीचा मामा रुसतो, मामापाठोपाठ त्याची रांग उठते, आणि रांग उठली की लग्न मोडतं.

थोरल्या डब्यावर हे सगळं झकास चालायचं. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, पण चालायचं. धाकट्यावर मात्र पंगत मधेच गार पडायची. घास हातात, हात हवेत, तोंडं उघडी, आणि पाचशे माणसं तशीच पुतळा होऊन बसायची.

कंपनीनं दोनदा नापास केलं. तिसऱ्यांदा नापास झालं की वर्षभर दार बंद.

"तिसऱ्यांदा गेलं तर मी पुण्याला," अतीकनं सांगून टाकलं. "बहिणीकडं राहीन, दुलाभाईंच्या ऑफिसात जागा है. अम्मीला शब्द दिलाय."

"आन् ही पाचशे माणसं काय उपाशी ठेवून जाणार?"

अतीक गेला म्हणजे पंगत उठली, हे अपेक्षाला पक्कं ठाऊक होतं. प्रोग्रॅम लिहिणारे गल्लोगल्ली मिळतील, पण आमटीवरचा तवंग असा काढणारा दुसरा माणूस मिळायचा नाही. त्यामुळं तिनं पदर खोचल्यासारखी ओढणी खोचली आणि काटछाट सुरू केली.

पहिल्यांदा बँड गेला. सगळे वाजंत्री काढून एक हलगीवाला तेवढा ठेवला. धाकट्यावरचा भार थोडा हलका झाला, तेवढ्यात अतीकनं शेंगाच्या चटणीला तेलाची तकाकी देऊन घेतली. जागा झालीच आहे तर, म्हणाला. ते बरोबरच होतं. पण पंगत पुन्हा गार पडली.

मग मांडवातल्या माळा गेल्या. माणसांच्या सावल्या गेल्या. मग अपेक्षाची नजर पाहुण्यांच्या पायांवर गेली.

"मांडी घालून बसलेत. म्होरं ताट हाय. पाय कुणाला दिसतेत?"

"अगं, हात धुवायला उठतील तवा?"

"उठू देत. कमरेपर्यंत उठतील."

पाय गेले. आता पाहुणे जेवून उठले की कमरेपासून वरचेच तरंगत नळाकडं जायचे. वाचलेल्या जागेत अपेक्षानं चटणीचा एकेक दाणा सुटा करून घेतला, कारण वळसंगला तिच्या आईच्या उखळातली चटणी तशी असते, आणि भुकटी दिसली तर आई गेमचं तोंड बघणार नव्हती. पंगत पुन्हा गार.

मग पाहुणे कमी झाले. पाचशेचे दोनशे, दोनशेचे चाळीस.

"चाळीस माणसांत लगीन?" अतीक म्हणाला. "हे पळून जाऊन केल्यासारखं वाटतंय."

"लॉकडाऊनमधलं हाय म्हणून सांगू. माणसं कमी तर निदान चटणी तरी मोठ्या चमच्यानं वाढ."

वाढली. पंगत गारच. शेवटी एका दुपारी दोघंही नवरदेवाकडं बघत बसले.

"न्हाई," अतीक म्हणाला.

"मी कुटं काय बोलले?"

"नवरदेव काढला तर लगीन कुणाचं?"

"बाशिंगामागं तोंड दिसतंय का त्याचं? बाशिंग ठेवू. शेला ठेवू. मधलं काढू."

मधलं काढलं. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर एक बाशिंग हवेत लटकत राहिलं आणि त्याच्याखाली एक शेला. नवरी लाजून त्या बाशिंगाकडं बघायची. आणि चाळीस बिनपायांचे पाहुणे घास हातात धरून पुतळ्यासारखे गार.

तिसऱ्यांदा पाठवायची मुदत उद्यावर आली. मे महिना, पत्र्याची खोली, आणि बाहेर सोलापूरचं ऊन.

"गरम हुतंय त्याला," अपेक्षा धाकट्यावर हात ठेवून म्हणाली. "डबा नाजूक हाय. गारव्यात चालेल."

"खाली चाचांकडं एसी है."

दोघांनी डबा उचलला, नबीलाल चाचांच्या दुकानातल्या टीव्हीला जोडला, आणि चाचांना न विचारता कुल्फीचे साचे बाजूला सारून तो डीप फ्रीजवर ठेवला. चाचा गल्ल्यावर होते. समोर मैंदर्गीचे कल्लप्पा बसले होते. पुतण्याच्या लग्नाला आइस्क्रीम सांगायला आले होते आणि नमुना म्हणून तिसरा कप खात होते.

"हे कुणाचं लगीन?" कल्लप्पांनी टीव्हीकडं बघत विचारलं.

"गेम है," चाचा म्हणाले. "आमच्या पोरांनी केलाय."

"पावणे लई कमी आलेत. भांडण झालं काय सोयऱ्यात?"

अपेक्षानं दात आवळले. तेवढ्यात एक पाहुणा उठला आणि तरंगत नळाकडं निघाला. चाचांच्या हातातला स्कूप तसाच राहिला.

"अरे अतीक, इसके पैर कां गये रे?"

"कंपनीनं कापले, चाचा," अपेक्षा म्हणाली.

"अय्यो," कल्लप्पा म्हणाले. "आन् नवरदेव?"

"ते काय बाशिंग. दिसतंय की."

कल्लप्पांनी बाशिंगाकडं निरखून बघितलं. "उंच हाय पोरगा," ते म्हणाले आणि पुन्हा कपात चमचा घातला.

चाचांनी रिमोट अतीकच्या हातातून काढून घेतला. दुकानात त्यांचाच टीव्ही, त्यांचीच वीज, तर वाढणारही तेच. बादली उचलली आणि बुंदी वाढत सुटले. एका ताटात बुंदी, दुसऱ्या ताटात बुंदी, त्यावर पुन्हा बुंदी. मुलीचा मामा रुसला. चाचा म्हणाले, रुसू दे, आणि त्याच्याही ताटात बुंदी ओतली.

अपेक्षा डोळे मिटून पंगत गार पडायची वाट बघत राहिली. बराच वेळ झाला. हलगी वाजतच होती. तिनं एक डोळा उघडला. पाहुणे जेवत होते. पहिली रांग उठली, दुसरी उठली, सगळे तरंगत हात धुवून आले, नवरीनं बाशिंगाच्या जवळपास हार घातला, अक्षता पडल्या. धाकट्यावर तीन वर्षांत पहिल्यांदा लग्न लागलं.

"बघ, एसीच पायजे हुता," अपेक्षा म्हणाली. "बोलले हुते का न्हाई मी?"

"मग काय खोक्याबरोबर एसी पण विकायचा?" अतीक म्हणाला, पण तोही हसत होता.

फक्त कल्लप्पा खूश नव्हते. "ओ नबीलालभाई, चटणी वाढली न्हाई तुमी."

"लग्नात बुंदी बस हुती की."

"सोलापुरात लगीन, आन् शेंगाची चटणी न्हाई? मी असतो तर ताटावरनं उठलो असतो. तुमचा आइस्क्रीमबी असाच हाय काय, अर्धा?"

चाचांना ते लागलं. त्यांनी लग्न पुन्हा पहिल्यापासून लावलं, चटणीचं भांडं उचललं, आणि रागारागानं प्रत्येकाच्या ताटात मोठ्या चमच्यानं चटणी घालत निघाले. चौथ्या रांगेला पोचले.

पंगत गार पडली. घास हातात, हात हवेत, तोंडं उघडी. एसी तसाच चालू होता.

अपेक्षानं अतीककडं बघितलं. अतीकनं फ्रीजकडं बघितलं.

"चाचा, परत. नुसती बुंदी."

लग्न लागलं.

"आता चटणी."

गार.

"कसले दाणे काढलेस तू?" अपेक्षा हळूच म्हणाली.

"तूच म्हणालीस, एकेक सुटा पायजे. प्रत्येकाला तकाकी पण तुलाच पायजे हुती."

"तकाकी तू घातलीस."

"एका चमच्यात किती दाणे आहेत, म्हाईतेय?" अतीक म्हणाला. "सगळ्या सोलापुरात तेवढी माणसं नसतील. आणि डबा बिचारा प्रत्येक दाणा वेगळा मोजत बसतो. प्रत्येक ताटात."

तीन वर्षांत त्या दोघांनी शेकडो वेळा पंगत वाढली होती. बँडशिवाय वाढली होती, सावल्यांशिवाय, पायांशिवाय, नवरदेवाशिवायही. चटणीशिवाय एकदाही वाढून बघितली नव्हती. सोलापूरचं माणूस तसं करतच नाही. डोक्यात यायलाच जागा नाही.

"मग चटणी काढा की," चाचा म्हणाले.

कल्लप्पांनी चमचा खाली ठेवला.

"चाचा," अपेक्षा म्हणाली, "असलं बोलायचं न्हाई."

शेवटी तोड अतीकनं काढली. चटणी एकदाच करायची, आणि तिचा फोटो सगळ्यांच्या ताटात चिकटवायचा. वाढपी खाली वाकून बघेल तेवढ्या एका ताटात खरी चटणी, बाकी फोटो.

"चटणीचा फोटो," अपेक्षा म्हणाली. "माझ्या आईला काय सांगू?"

"आईला वाकून बघायला सांग."

त्या संध्याकाळी दोघं परत वर गेले. चटणीचा फोटो चिकटला आणि धाकट्यावर पंगत अशी पळायला लागली, की वाढप्याला धाप लागावी. मग त्यांनी एकेक करून सगळ्यांना घरी आणलं. चाळीसचे पाचशे झाले. त्यांना पाय मिळाले. सावल्या आल्या, माळा लागल्या, सगळा बँड परत आला. आणि एक गोष्ट अतीकच्या ध्यानात आली. थोरल्याचा पंखा घरघरत नव्हता.

"हा पण मरतच हुता गं इतके दिवस," तो म्हणाला. "ताकद हुती म्हणून बोलला नाही. धाकट्यानं तोंडावर सांगितलं."

"म्हंजे नियम बरोबर हुता म्हण."

"मी कुटं तसं म्हणालो?"

"न्हाईच म्हणायचं," अपेक्षानं बजावलं, आणि मुदत संपायच्या आत गेम पाठवून दिला.

पुढच्या आठवड्यात निकाल आला. पास. दोन्ही डब्यांवर कसून तपासला, सारखाच आढळला, असं कंपनीनं कळवलं होतं. अतीकनं दुलाभाईंना, येत नाही म्हणून, फोन करून टाकला. चाचांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला आइस्क्रीम वाटलं. त्यात कल्लप्पाही होते, लग्नाचा माल न्यायला आलेले. त्यांना मानानं टीव्हीसमोर बसवलं. पाचशे पाहुणे, पन्नास बँडवाले, ताटाताटात चटणी. कल्लप्पांनी दोनदा मान डोलावली.

"आता कसं लगीन वाटतंय," ते म्हणाले. "फकस्त नवरदेव तेवढा अजून आला न्हाई."

अपेक्षानं टीव्हीकडं बघितलं. नवरी लाजत होती. तिच्यासमोर हवेत एक बाशिंग लटकत होतं आणि त्याच्याखाली एक शेला. नवरीनं हार घातला. हार जमिनीवर पडला. पाचशे माणसांनी अक्षता टाकल्या.

"तू परत ठेवला न्हाईस?"

"मला वाटलं तू ठेवलास," अतीक म्हणाला. "बाशिंग दिसत हुतं की."

अपेक्षा उठली आणि जिना चढायला लागली. तिच्या चढण्याचा आवाज अतीकला ओळखीचा होता; दोन्हीदा नापास झाल्यावर कंपनीला लिहायला ती अशीच चढली होती. तो मागं धावला.

"अपेक्षा, पास झालंय. उद्या गुपचूप घालू नवरदेव. कुणाला कळायचं नाही. काय लिहू नको."

"नापास केलं तवा मी गप बसले का?"

"नाही."

"मग आता का बसू?"

ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि कंपनीला लिहायला घेतलं. साहेबाचं तोंड कुठल्या देशात आहे हे अजूनही ठाऊक नव्हतं, पण हात थांबला नाही.

'साहेब, आमच्या पाहुण्यांना पाय होते, माणसं चालत होती, तेव्हा तुम्ही आम्हाला दोनदा दारातून हाकललंत. आता नवरदेव नसलेलं लग्न तुमच्यासमोर लागलं. पाचशे माणसं जेवून गेली, नवरीनं वाऱ्याला हार घातला, आणि तुम्ही शिक्का मारलात. थोरल्यावर नवरदेव नाही, धाकट्यावरही नाही, दोन्हीकडं सारखंच, म्हणून तुमच्या नियमात बसलं. चटणी आमची चुकली, ती आम्ही निस्तरली. आता तुमचं सांगा. कसून तपासलं म्हणता, तर तुम्ही नेमकं तपासलंत काय? उत्तर पाहिजे.'